कोणत्या दोन भाषा

"इथे नवा..." एवढं म्हणून हेमाली थांबली. एम.ए.चा वर्ग समोर बसलेला होता, फळ्यावर एका मुलाच्या लेखातली चार वाक्यं होती आणि तिला फक्त इतकंच सांगायचं होतं की इथे नवा परिच्छेद सुरू करा. तो शब्द आला नाही. ओठांवर आहे पण निघत नाही, असंही नव्हतं. जिथे तो असायचा तिथे काहीच नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी "परिच्छेद, मॅडम" म्हणालं आणि वर्गात हलकंसं हसू पसरलं. तीही हसली.

विद्यापीठाच्या विरारजवळच्या केंद्रात हेमाली लेखन शिकवायची. पदव्युत्तर मुलांना शोधनिबंध कसा लिहावा, मुद्दा कसा मांडावा, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं आणावं, हे सगळं ती मराठीत शिकवायची आणि इंग्रजीतही. नेमणूक कंत्राटी होती, दर जूनमध्ये नव्याने व्हायची. तिचा स्वतःचा अभ्यास होता तो मुलांच्या कच्च्या खर्ड्यांवर. मुलं पहिल्या खर्ड्यात काय लिहितात आणि दुसऱ्यात काय खोडतात, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. गावातून आलेली मुलं सगळ्यात आधी घरचा शब्द खोडतात, आणि बऱ्याचदा पानावरचा तोच एक जिवंत शब्द असतो, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर तिने प्रबंध लिहिला होता, परिषदांमधून निबंध वाचले होते. यंदा पहिल्यांदाच केंद्रात कायम जागा निघाली होती. दोन्ही भाषांत शिकवू शकेल असा माणूस हवा होता आणि मुलाखत दिवाळीनंतर होती. ती जागा हेमालीचीच, असं सगळे धरून चालले होते.

त्या दिवसानंतर शब्द अधूनमधून निसटू लागले. एकदा 'संदर्भ' गेला, एकदा 'उशी'. एकदा तर वाचता वाचता समोरचं पान नुसत्या आकृत्यांचं झालं आणि थोड्या वेळाने परत पान झालं. हेमालीने कुणालाच सांगितलं नाही. वर्गात अडली की ती मुलांकडे वळून विचारायची, "याला आपण काय म्हणतो?" मुलांना वाटलं, ही मॅडमची शिकवण्याची नवी पद्धत आहे. एकीने तर तिला सांगितलंही की हल्ली तुम्ही शब्द आमच्याकडून काढून घेता, ते फार छान वाटतं. हेमाली 'थँक यू' म्हणाली आणि स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

आपल्याला वेड लागतंय, अशी तिला भीती वाटत होती. उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये सकाळी डबे भरताना ती मनातल्या मनात वस्तूंची नावं घ्यायची: झारा, चिमटा, किसणी. नवरा सिद्धेश बँकेत होता, मूळचा कराडकडचा. तिचे ओठ हलताना पाहून त्याने एकदा विचारलं, जप करतेस का? ती हो म्हणाली.

मग एका दुपारी रिटाच्या खोलीत ती पडली. रिटा केंद्राची प्रमुख होती, भुईगावची, हेमालीची जुनी मैत्रीण. दोघी परीक्षेच्या वेळापत्रकावर बोलत होत्या. हेमालीचा उजवा हात आपोआप उडायला लागला, चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि ती खुर्चीवरून घसरली. शुद्धीवर आली तेव्हा तिचं डोकं रिटाच्या मांडीवर होतं. रिटा काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज ऐकू येत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. माणसं बोलताहेत आणि आपल्याला एकही शब्द कळत नाही, अशी ती काही मिनिटं होती. पुढे कित्येक दिवस हेमालीला झोपेतून दचकून जाग यायची ती त्याच मिनिटांमुळे.

एम.आर.आय.मध्ये डोक्यात डाव्या बाजूला गाठ दिसली.

मुंबईच्या रुग्णालयातले सर्जन शांत, हळू बोलणारे गृहस्थ होते. गाठ सावकाश वाढणारी दिसतेय, पण वाढणारी आहे, असं त्यांनी सांगितलं. काढायला हवी, जितकी निघेल तितकी चांगली. अडचण होती ती जागेची. ती गाठ भाषेच्या भागात शिरली होती. म्हणून ऑपरेशनच्या मध्यावर ते तिला जागं करणार होते. समोर चित्रं धरली जाणार, तिने नावं सांगायची, आणि त्याच वेळी डॉक्टर मेंदूवर एकेका ठिकाणी बारीकसा करंट लावून पाहणार. जिथे लावल्यावर तिचा शब्द थांबेल, तिथे कापायचं नाही.

"मला दुखेल का?" हेमालीने विचारलं.

मेंदूला दुखत नाही, डॉक्टर म्हणाले. भीती वाटेल, आणि ती वाटणारच. मग त्यांनी विचारलं की त्या कोणकोणत्या भाषा बोलतात. मराठी, इंग्रजी आणि कामापुरती हिंदी, हेमालीने सांगितलं.

"आणि घरी?"

"घरीही मराठीच."

आयुष्यभर कुणीही विचारलं की ती हेच सांगत आली होती. डॉक्टरांनी मान हलवली. जागेपणी मेंदू लवकर थकतो, म्हणून नीट तपासायला दोनच भाषा घेता येतात. मग मराठी आणि इंग्रजी, असं ठरलं. सिद्धेशला हायसं वाटलं, कारण मुलाखतीला याच दोन भाषा लागणार होत्या. रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ तेजस्वी हिने हेमालीला टॅबवर चित्रं दाखवून सराव सुरू केला. छत्री, कुलूप, घुबड. बहुतेक नावं आली. 'कासव' आलं नाही. तेजस्वीने ते चित्र शांतपणे बाजूला ठेवलं.

दोन दिवसांनी रिटा घरी भेटायला आली. बोलता बोलता ती म्हणाली की त्या दुपारी हेमाली अगदीच गप्प नव्हती. रिटा मराठीत हाका मारत होती, इंग्रजीत विचारत होती, त्याला काहीच उत्तर येत नव्हतं. पण हेमाली मधूनमधून स्वतःशी बोलत होती.

"मी काय बोलत होते?"

"आय, पानी दे. मना पानी दे. तीनतीनदा तेच. आमच्या घरचं बोलणं वेगळं असलं तरी एवढं मला कळतं ना."

ते शब्द उच्चारल्याचं हेमालीला आठवत नव्हतं.

रविवारी ती माहेरी निर्मळला गेली. आईला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मथुराबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या, घरच्या केळी-फुलांच्या वाडीतच राहत होत्या, हेमालीचा धाकटा भाऊ प्रीतम आणि त्याच्या कुटुंबाबरोबर. ओट्यावर बसून त्या तगरीच्या कळ्या निवडत होत्या. हेमालीने सगळं सांगितलं, गाठ कुठे आहे तेही, आणि जागं ठेवून काढणार आहेत तेही. आईचे हात थांबले नाहीत. तिने एवढंच विचारलं,

"मंग उठल्यावर माझ्याशी बोलशील ना?"

"बोलेन ना, आय," हेमाली म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे आपण घरच्या बोलीत म्हणालो. आईशी ती दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललीच नव्हती. आईला पुस्तकी मराठी समजत होतं, ती टीव्ही पाहायची, बँकेतही जायची. पण शाळेत असताना हेमालीने एकदा घरात बाईंसारखं बोलून पाहिलं होतं, तेव्हा आई दिवसभर तिच्याशी पाहुणीशी वागावं तशी वागली होती. या बोलीत 'ण' नव्हता, 'ळ'ही नव्हता. हेमाली त्यात रागवायची, मोजायची, घाबरायची. तिने आपल्या मुलीला, ज्ञानदाला, ती शिकवली नव्हती. त्या बोलीत तिने एक ओळही कधी लिहिली नव्हती. आणि डॉक्टरांनी घरचं विचारलं तेव्हा, जे खोडू नका म्हणून ती वर्गात मुलांना सांगायची, तेच तिने सगळ्यात आधी खोडलं होतं.

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसलेली असताना ती इतकी थरथरत होती की प्रीतमने दोनदा गाडी थांबवली. त्याला वाटलं, पुन्हा झटका येतोय.

सोमवारी तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जवळच्या भाषा बहुधा एकाच ठिकाणी असतात, असं ते म्हणाले, मराठी सांभाळलं तर घरची बोलीही बहुतेक सांभाळली जाईल. पण खात्री देता येणार नाही. तिला बोली तपासून हवी असेल तर इंग्रजी सोडावं लागेल. आणि आणखी एक गोष्ट तिने नीट समजून घ्यावी. जितकं राखायचं, तितकं आत ठेवावं लागतं. एखादी जागा फक्त बोलीची निघाली, तर तिथली गाठ तशीच राहील. ती पुढे वाढू शकते.

त्या संध्याकाळी सिद्धेश स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभा राहिला. ज्ञानदा क्लासला गेली होती.

"त्या भाषेत तू किती माणसांशी बोलतेस, हेमा?" त्याने विचारलं. "आई आणि प्रीतम. आईचं वय काय झालंय?"

हेमालीने गॅस बंद केला.

नोकरी गेली तरी चालेल, तो म्हणाला, मुलाखतीचं त्याला काहीच नाही. पण डोक्यात काही ठेवून तिने घरी यायचं, हे त्याला सहन होणार नाही. "तू मला पूर्ण बरी हवीस. मग कुठल्याही भाषेत बोल." बोलता बोलता तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला असं बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली की भीती तिलाही वाटते. पण रिटाच्या खोलीत बाकी सगळं गेलं होतं, तेव्हा एवढंच उरलं होतं. तेही गेलं तर पुन्हा तसं झाल्यावर ती कशाला धरून राहील, ते तिला माहीत नाही.

सिद्धेशला ते पटलं नाही. पण मराठी आणि घरची बोली तपासायची, अशा संमतिपत्रावर सही करायला तो तिच्याबरोबर गेला.

तेजस्वीला ती बोली येत नव्हती, म्हणून ती एक दिवस चित्रं घेऊन निर्मळला आली. मथुराबाईंनी चित्रं पाहिली. बर्फाचा माणूस पाहून त्यांनी विचारलं की ह्याचं नाव आम्ही कशाला ठेवू? शेवटी प्रीतमने वाडीत फिरून मोबाइलवर फोटो काढले: केळीचं लोंगर, कोयता, रहाट, सुपारी, बावखल, म्हणजे वाडीतलं पावसाच्या पाण्याचं तळं. ऑपरेशनच्या वेळी प्रश्न आईच्याच आवाजात ऐकवायचा, असं तेजस्वीने सुचवलं. मथुराबाई आधी नको म्हणाल्या. "मी काय मास्तरीन हाय?" मग पदर सावरून फोनसमोर बसल्या आणि प्रत्येक फोटोसाठी तोच प्रश्न एकाच सुरात विचारत गेल्या.

ऑपरेशनच्या सकाळी हेमालीला सगळ्यात जास्त भीती वाटली ती जागं होण्याची. झोपवतील त्याची नाही. जाग येईल आणि पुन्हा माणसांचे नुसते ओठ हलताना दिसतील, याची.

जाग आली ती थंडीने. डोकं कशात तरी घट्ट अडकवलेलं होतं. तोंडासमोर हिरवं कापड तंबूसारखं लावलेलं होतं आणि त्यात तेजस्वीचा चेहरा होता, मास्कच्या वरचे फक्त डोळे. मागून कुठूनतरी डॉक्टरांचा आवाज आला. मॅडम, तुमचं नाव सांगा. तिने सांगितलं. आवाज तिचाच होता आणि शब्दाला अर्थ होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तेजस्वीने टिपलं.

मग चित्रं सुरू झाली. छत्री. कुलूप. घुबड. मध्येच एका चित्रावर तोंड उघडं राहिलं आणि आवाज निघेना. जीभ होती, श्वास होता, चित्र समोर होतं, ओळखीचं होतं. तेवढ्यात करंट थांबला आणि ती ओरडल्यासारखी म्हणाली, "शिडी." इथे नाही, असं डॉक्टर कुणालातरी म्हणाले. पुढे गेले. पुन्हा असंच झालं, पुन्हा परत आलं. दर वेळी तिला वाटायचं, आता परत येणार नाही. तिची बोटं चादरीत रुतली होती. तेजस्वीने तो हात हातात घेतला आणि मग सोडला नाही.

थोड्या वेळाने आईचा आवाज आला. फोनमधून, जरासा चिरका, मागे कोंबडी ओरडत होती.

"ये काय हाय?"

"कोयता."

"ये काय हाय?"

"केलं. केल्याचं लोंगर."

हे सोपं होतं. हेमालीचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. मग तळ्याचा फोटो आला. आईने विचारलं. हेमालीने पाहिलं, हिरवं पाणी, काठावर वाकलेली सुपारी, आणि त्याचं नाव नव्हतं. तेजस्वीने आधी ठरल्याप्रमाणे मराठीत विचारलं, हे काय आहे, मॅडम? "तळं," हेमाली लगेच म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा तीच जागा तपासली. मराठीत तळं आलं. आईच्या प्रश्नाला काहीच आलं नाही. रहाटाचा फोटो दाखवला, मराठीत रहाट म्हणाली, आईला घरचा शब्द सांगता आला नाही. आईचा आवाज त्याच सुरात विचारत राहिला आणि हेमालीला वाटलं, आई दाराबाहेर उभी आहे आणि आतून कडी सापडत नाहीये.

मग डॉक्टर तिच्याशी बोलले. त्यांनी आजवर असं पाहिलं नव्हतं. ही जागा मोठी नाही, ते म्हणाले, पण इथेच गाठीचा एक तुकडा आहे. मराठीला तो काढल्याने काही होणार नाही. आधी ठरलं होतं तसं, तो आत राहू द्यायचा ना?

हेमालीला माहीत होतं की बाहेर सिद्धेश बसला आहे. हो म्हटलं तर त्याचा चेहरा कसा होईल, हेही तिला दिसलं.

"राहू द्या तिथे," ती म्हणाली.

नंतरचे काही आठवडे वाईट गेले. सूज होती तोवर कुठल्याच भाषेत नीट बोलता येत नव्हतं. ज्ञानदा उशाशी बसून वस्तू दाखवायची आणि हेमाली रडकुंडीला यायची. मग मराठी परत आलं, आधी लहान शब्द, मग मोठे. आईशी फोनवर बोलणं सगळ्यात आधी सुरळीत झालं. इंग्रजी समजत होतं, पण लिहायला बसलं की वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मुलाखत झाली तेव्हा ती रुग्णालयातच होती. कायम जागा नाशिकहून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाला मिळाली. रिटाने हेमालीसाठी मराठीचे निम्मे तास राखले. वर्गात शब्द अडला की आता ती सांगायची, थांबा, मला आठवत नाहीये. मुलं थांबायची.

सिद्धेश त्या तुकड्याविषयी एकदाही बोलला नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीला ते दोघे एम.आर.आय.च्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, तेव्हा तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. हेमालीने त्याचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. डॉक्टरांनी चित्रं पाहिली. वाढ दिसत नाही, ते म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा या. सिद्धेशने दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग तिसऱ्यांदाही विचारलं.

तिथून ते थेट निर्मळला गेले. आई वाडीत होती, तगरीच्या रांगेत वाकलेली. तिने तपासणीचं ऐकलं, बरं म्हणाली आणि लगेच हेमालीला कामाला लावलं. झुडपांच्या बुंध्याशी रान माजलं होतं. त्यातल्या एका गवताचं नाव घेऊन आई म्हणाली, तेवढं मुळासकट उपट, बाकीचं राहू दे.

हेमाली खाली बसली आणि तिचा हात हवेतच राहिला. समोर तीनचार तऱ्हेचं गवत होतं. आईने घेतलेलं नाव तिला कुठेच बसवता येईना. हा शब्द आपण कधी ऐकलाच नव्हता, की होता आणि गेला? घरच्या बोलीतला होता. ज्या जागेसाठी तिने तो तुकडा आत ठेवला, त्या जागेतला. तिने पाठीमागे पाहिलं. सिद्धेश विहिरीपाशी हात धूत होता आणि तिच्याकडेच बघत होता.

ती पुन्हा आईकडे वळली.

"आय," तिने विचारलं, "ता कुठलं?"

आईने वळून पाहिलं, एक पाऊल पुढे आली आणि पायाच्या अंगठ्याने दाखवलं. बारीक, लालसर देठाचं गवत होतं. हेमालीने ते मुठीत धरलं आणि ओढलं. मुळं ओल्या मातीसकट वर आली. मग तिने आईला ते नाव पुन्हा सांगायला लावलं, आणि पुढच्या झुडपाकडे सरकताना ते स्वतःशी हळू म्हणून पाहिलं.